शिदोरीतले पाणी

दिवाळीची सुटी संपली की शाळाशाळांतून सहलींचे बेत सुरू होतात. काही उत्साही शिक्षक मुलांना एखाद्या गडावर नेतात. तेथे एक रात्र मुक्काम करायचा, तारे पाहायचे, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली उतरायचे, असा साधारण कार्यक्रम असतो. गाडी ठरते, पालकांची संमतिपत्रे येतात, औषधांची पेटी भरली जाते. मग कोणीतरी विचारते, ‘‘जेवणाचे काय?’’ यावर ठरलेले उत्तर असते, ‘‘प्रत्येकाने आपापला डबा आणावा.’’

हे उत्तर शाळेच्या एका दिवसाच्या सहलीला चालते. दोन दिवसांच्या पदभ्रमणाला मात्र ते पुरत नाही. येथे अन्न पाठीवरून वाहून न्यायचे असते, ते तीस-पस्तीस तास टिकायला हवे, चढ चढण्याची ताकद त्यातून मिळायला हवी आणि ते खाऊन कोणी आजारी पडता कामा नये. शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. घरी पोट बिघडले तर दवाखाना गल्लीत असतो. गडावर तो तीन तासांच्या उतारापलीकडे असतो, आणि उतरायचे असते ते उलट्यांनी गळून गेलेल्या मुलाला घेऊन.

आम्ही काही सहकारी गेली अनेक वर्षे पावसाळ्यानंतर विद्यार्थ्यांच्या गटांबरोबर सह्याद्रीत हिंडतो. या चार अटी वेगवेगळ्या दिसल्या तरी त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे, असे आम्हाला वाटते. ती म्हणजे अन्नातले पाणी. ते समजले, की काय न्यावे आणि काय नेऊ नये याची यादी पाठ करावी लागत नाही.

पाठीवर किती?

प्रथम वजनाचा हिशेब करू. केंद्र सरकारच्या २०२०च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन विद्यार्थ्याच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून अधिक नसावे. हा नियम शाळेसाठी असला तरी गडासाठीही मोजपट्टी म्हणून चांगला आहे. नववीतला मुलगा ५० किलोचा धरला तर त्याच्या पाठीवर ५ किलो. त्यात दोन लिटर पाणी म्हणजे २ किलो गेले. पांघरूण, एक गरम कपडा, विजेरी, ताट-वाटी आणि खुद्द पिशवी यांचे आणखी दोन किलो. अन्नासाठी उरला एक किलो.

आता ऊर्जेचा हिशेब पाहू. समजा, चढ ८०० मीटरचा आहे. पिशवीसह ५५ किलो वस्तुमान तेवढे वर नेण्यासाठी लागणारे कार्य ५५ × ९.८ × ८०० म्हणजे सुमारे ४,३१,००० ज्यूल, किंवा साधारण १०३ किलोकॅलरी. आपले स्नायू अन्नातील ऊर्जेपैकी साधारण पाव भागच कार्यात बदलतात, उरलेल्या ऊर्जेची उष्णता होते. म्हणून चढण्यासाठी प्रत्यक्ष खर्च सुमारे ४१० किलोकॅलरी. शेंगदाण्यांच्या भाषेत सांगायचे तर ७० ते ७५ ग्रॅम!

विद्यार्थ्यांना हा आकडा फार लहान वाटतो. पण शरीराचा मोठा खर्च चढण्यावर नसतोच. हृदय, मेंदू, यकृत, शरीराचे तापमान राखणे आणि वाढ या गोष्टी अहोरात्र चालू असतात. भारतीय वैद्यक संशोधन परिषद आणि राष्ट्रीय पोषण संस्था यांनी २०२० साली दिलेल्या शिफारशींनुसार १३ ते १५ वर्षांच्या मुलाला दिवसाला २८६० आणि मुलीला २४०० किलोकॅलरी लागतात. यात नेहमीचे खेळणे-हिंडणे आलेच. पदभ्रमणाच्या दिवशी त्यात काहीशे कॅलरींची भर पडते, एवढेच.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. पाठीवर एक किलो वजन जास्त घेतले तर ८०० मीटर चढायला जेमतेम साडेसात किलोकॅलरी जास्त लागतात. मग वजनाची एवढी चिंता कशाला? कारण वजन ऊर्जेपेक्षा तोल आणि गुडघे यांना भारी पडते. उतारावर प्रत्येक पावलाला शरीराचा आणि पिशवीचा भार गुडघ्याने झेलायचा असतो. घसाऱ्याच्या वाटेवर जड पिशवी माणसाला बाजूला ओढते. पाय मुरगळण्याचे प्रकार उतरताना, दमलेल्या अवस्थेत होतात. तेव्हा एक किलोची मर्यादा पाळलेली बरी.

एक किलोत काय बसते?

पाचशे किलोकॅलरी मिळवायच्या असतील तर कोणता पदार्थ किती न्यावा लागेल? पुढील आकडे स्थूलमानाने दिले आहेत.

तूप किंवा तेल – ५५ ग्रॅम
भाजलेले शेंगदाणे – ९० ग्रॅम
गूळ – १३० ग्रॅम
पोहे (कोरडे) – १४५ ग्रॅम
पोळी – १७० ग्रॅम
शिजवलेला भात – ३८५ ग्रॅम
केळी (साल काढून) – ४५० ग्रॅम
उकडलेला बटाटा – ५५० ग्रॅम
संत्री – एक किलो
काकडी – तीन किलोंहून अधिक

ही यादी वरून खाली वाचताना दोन गोष्टी लक्षात येतात. अगदी वरच्या पदार्थांत स्निग्धांश आहे. स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅमपासून ९ किलोकॅलरी मिळतात, तर कर्बोदके आणि प्रथिने यांच्यापासून ४. पण पोहे आणि भात यांच्यातला फरक स्निग्धांशाचा नाही. दोन्ही तांदूळच. तरी भात अडीच पटींहून जड का? कारण भातात सुमारे ७० टक्के पाणी आहे. बटाट्यात ते ७५ ते ८० टक्के असते आणि काकडीत ९५ टक्क्यांहून अधिक. यादीच्या खालच्या अर्ध्या भागात आपण मुख्यतः पाणीच वाहून नेत असतो.

याचा अर्थ काकडी नेऊ नये असा नाही. पाणी तर न्यायचेच आहे, मग त्यातले पाव लिटर काकडीच्या रूपाने नेले तर बिघडले कुठे? दुपारच्या उन्हात ती बाटलीतल्या कोमट पाण्याहून खचितच जास्त आवडते. फक्त तिला अन्नाच्या रकान्यात न मांडता पाण्याच्या रकान्यात मांडावे.

पाणी आणि मोकळे पाणी

वजनाइतकाच किंवा त्याहून मोठा प्रश्न टिकण्याचा. अन्न नासते ते मुख्यतः जीवाणू आणि बुरशी यांच्या वाढीमुळे, आणि या दोघांनाही वाढायला पाणी लागते. म्हणजे ज्या पदार्थात पाणी जास्त तो लवकर नासणार, असे सोपे समीकरण आपण मांडू. ते बरेचसे बरोबर आहे. ओले खोबरे दुसऱ्या दिवशी आंबूस होते, सुके खोबरे महिनोन्‌महिने टिकते.

पण पुढील उदाहरण पाहा. पोळीत साधारण ३० टक्के पाणी असते. जॅममध्येही जवळपास तेवढेच असते. पोळीला तिसऱ्या-चौथ्या दिवशी बुरशी धरते, जॅम मात्र आठवडेच्या आठवडे टिकतो. पाणी सारखेच, मग हा फरक कसा?

याचे उत्तर असे की पदार्थात पाणी किती आहे यापेक्षा त्यातले किती पाणी मोकळे आहे याला महत्त्व असते. जॅममधल्या साखरेच्या रेणूंनी पाण्याचे रेणू धरून ठेवलेले असतात. जीवाणूला ते सहजी मिळत नाहीत. उलट, दाट पाकात पडलेल्या जीवाणूच्या पेशीतलेच पाणी परासरणामुळे बाहेर खेचले जाते. मीठही हेच काम करते. मुरांबा आणि खारवलेली मिरची दोन्ही ओलसर असून टिकतात ती यामुळे.

या मोकळेपणाला एक माप आहे. त्याला जलक्रियाशीलता म्हणतात. शुद्ध पाण्यासाठी ती १, आणि पूर्ण कोरड्या पदार्थासाठी शून्य. ऑस्ट्रेलियातील शास्त्रज्ञ स्कॉट यांनी १९५३ साली जीवाणूंची वाढ या मापाशी जोडून दाखवली आणि तेव्हापासून अन्नशास्त्रात ते रूढ झाले. बहुतेक जीवाणू ०.९१च्या खाली वाढू शकत नाहीत. बहुतेक बुरशी ०.८ ते ०.७ या टप्प्यात थांबतात. ०.६च्या खाली कोणताच सूक्ष्मजीव वाढत नाही. भात, भाजी, उसळ, दूध यांची जलक्रियाशीलता ०.९८च्या आसपास, म्हणजे जवळजवळ पाण्याइतकीच असते. पोळी-भाकरी ०.९च्या वर. चुरमुरे, बिस्किटे, भाजलेले शेंगदाणे ०.६च्या बरेच खाली.

आता आपल्या स्वयंपाकघरात नजर टाकली तर कित्येक गोष्टींचा उलगडा होतो. पुरणपोळी आणि गुळपोळी दिसायला बहिणी. पण पुरण शिजवलेल्या डाळीचे, ओलसर. ती एक-दोन दिवसांची धनीण. गुळपोळीत गूळ, तीळ आणि भाजलेले बेसन, म्हणजे पाणी अगदी थोडे आणि तेही गुळाने धरलेले. ती आठवडाभर सहज राहते. शेंगदाण्याची कोरडी चटणी टिकते, पण तीत ओला लसूण किंवा ओले खोबरे वाटून घातले की तिचे आयुष्य घटते. दशमीत पाण्याऐवजी दूध घालतात. दुधात सुमारे ८७ टक्के पाणी असते, उरलेला भाग स्निग्धांश, साखर आणि प्रथिने. म्हणजे कणकेत पाणी थोडे कमी जाते, आणि स्निग्धांशामुळे दशमी दुसऱ्या दिवशीही वातड होत नाही. मात्र तीही ओलसरच. गडावर पहिल्या दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळी ती संपवावी.

कोरड्या, तेलकट पदार्थांचा शत्रू वेगळा आहे. शेंगदाणे, तीळ, सुके खोबरे यांतील तेलाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन ते खवट होतात. पण याला आठवडे लागतात. दोन दिवसांच्या सहलीत त्याची काळजी नको, फक्त शेंगदाणे निघतानाच खवट नाहीत ना, एवढे पाहावे.

डब्यातली वाफ

पुष्कळदा पदार्थ चांगला असतो, पण भरण्यात घोटाळा होतो. पहाटे पाच वाजता तव्यावरून उतरलेल्या पोळ्या तशाच गरमगरम स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावले जाते. पोळीतून निघालेली वाफ झाकणाला आतून लागते, तिचे थेंब होतात आणि पुन्हा पोळीवर पडतात. पोळ्या घामेजतात, असे आपण म्हणतो. एकूण पाणी तेवढेच राहिले, पण ते पोळीच्या पृष्ठभागावर मोकळे होऊन बसले. बुरशीचे बीजाणू नेमके तेथेच पडलेले असतात.

उपाय सोपा आहे. पोळ्या, भाकऱ्या, थालीपिठे स्वच्छ कापडावर सुटी पसरून पूर्ण गार होऊ द्यावीत, मग कोरड्या सुती कापडात गुंडाळून डब्यात ठेवावीत. जुन्या लोकांची शिदोरी फडक्यात बांधलेली असे, ती काही डबा नव्हता म्हणून नव्हे. कापड वाफ शोषून घेते आणि बाहेर सोडते. पालकांना द्यायच्या सूचनापत्रकात हे एक वाक्य जरूर असावे.

भात का नको?

एकदा गडावर आम्हाला एक मोठा गट भेटला होता. त्यांनी पहाटे चार वाजता मसालेभात करून मोठ्या पिंपात भरून आणला होता. दुपारी दोन वाजता सर्वांनी तो खाल्ला. वास चांगला होता, चव चांगली होती. संध्याकाळ व्हायच्या आत सात-आठ जणांना उलट्या सुरू झाल्या. अंधार पडलेला, मुले गळून गेलेली आणि उतरायची वाट कड्याच्या पोटातून. त्या रात्री मीठ-साखरेच्या पाण्यावर निभावले, पण प्रसंग बाका होता.

असे का होते? तांदळात बॅसिलस सेरियस नावाच्या जीवाणूचे बीजाणू बहुधा असतातच. जीवाणू शिजवताना मरतात, पण बीजाणू उकळत्या पाण्यातूनही तगून राहतात. भात कोमट झाला की ते रुजतात. ५ अंश ते ६० अंश सेल्सियस हा टप्पा जीवाणूंच्या वाढीला धार्जिणा, आणि मोठ्या पिंपात गच्च भरलेला भात त्या टप्प्यात तासन्‌तास राहतो, कारण मधला भाग लवकर थंड होतच नाही. अनुकूल स्थितीत दर वीस मिनिटांनी जीवाणूंची संख्या दुप्पट होते असे धरले तर सहा तासांत अठरा वेळा दुप्पट होईल. एका जीवाणूचे २,६२,१४४ होतील. विद्यार्थ्यांना हे फळ्यावर करून पाहायला सांगावे.

पुढचा मुद्दा शिक्षकांनी विशेष लक्षात ठेवावा. हा जीवाणू भातात एक विष सोडतो आणि ते उष्णतेने नष्ट होत नाही. म्हणून ‘परत चांगला गरम करून घेतला’ हे संरक्षण नव्हे. शिवाय वासावरून किंवा चवीवरून काही कळत नाही. खाल्ल्यापासून अर्ध्या तासात ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. दुसरा एक जीवाणू, स्टॅफिलोकॉकस ऑरियस, हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात जातो, आणि त्याचे विषही उकळल्याने जात नाही. हाताने कुस्करलेली बटाट्याची भाजी, खव्याचे पदार्थ, सोललेली उकडलेली अंडी, पनीर ही त्याची आवडती ठिकाणे.

म्हणून नियम असा करावा: शिजवलेला, ओलसर, पिष्टमय किंवा प्रथिनयुक्त पदार्थ असेल तर तो शिजवल्यापासून चार तासांच्या आत खावा. तेवढ्यात खाणे जमणार नसेल तर नेऊ नये. पालकांची इच्छा कितीही चांगली असली तरी या नियमाला अपवाद करू नये.

घरी शिजवायचे, घरीच वाळवायचे

मग गडावर खायचे काय? ज्यांचे शिजवणे आधीच झाले आहे आणि त्यानंतर पाणी काढून टाकले आहे, असे पदार्थ. आपल्याकडे त्यांची वाण नाही.

पोहे हे याचे उत्तम उदाहरण. भात भिजवून, भाजून मग तो कुटून किंवा दाबून चपटा करतात (येथे भात म्हणजे टरफलासहित तांदूळ). या क्रियेत तांदळातील पिष्टाचे कण पाणी आणि उष्णता यांमुळे फुगतात, म्हणजे शिजतात. साधारण ६५ ते ७५ अंशांना हे घडते. नंतर पाणी निघून जाते. पोहे म्हणजे एका परीने शिजवून वाळवलेला भातच. म्हणून ते थंड पाण्यातही दोन-तीन मिनिटांत मऊ होतात, आणि कच्चे तांदूळ तासभर भिजले तरी करकरीतच राहतात. चुरमुरे, लाह्या, सातूचे पीठ, मेतकूट, भाजलेल्या डाळ्या यांचे तत्त्व थोड्याफार फरकाने तेच. भाजताना धान्यातले पाणी जाते, कीड मरते आणि प्रथिने व शर्करा यांच्या अभिक्रियेतून तो खमंग वास येतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मैयार यांनी १९१२ साली या अभिक्रियेचे वर्णन केले. आपल्या आज्यांना तिचे नाव ठाऊक नव्हते, पण भाजणी कधी उतरवायची ते वासावरून अचूक कळत असे.

सातूच्या पिठात गूळ आणि पाणी कालवले की जेवण तयार. चूल नको, भांडे नको, धूरही नको.

सैनिकांसाठी अन्न तयार करणाऱ्या शास्त्रज्ञांपुढेही हाच प्रश्न असतो. म्हैसूर येथे १९६१ साली स्थापन झालेल्या संरक्षण अन्न संशोधन प्रयोगशाळेने सीमेवरील जवानांसाठी दीर्घकाळ टिकणाऱ्या चपात्या आणि हवाबंद पाकिटांत निर्जंतुक केलेले तयार जेवण यांसारखे पदार्थ विकसित केले. साधने आधुनिक, पण शत्रू तोच: मोकळे पाणी, हवा आणि जीवाणू.

एक सावधगिरी मात्र हवी. कोरडे अन्न हलके असते कारण त्यातले पाणी आपण घरी ठेवून आलो. खाताना ते परत द्यावे लागते. गडावर पाणी आहे का, याची चौकशी गावात आधी करावी. टाक्यात पाणी असले तरी ते तसेच पिऊ नये. एक मिनिटभर खळखळून उकळावे. कोरडे अन्न आणि तुटपुंजे पाणी ही जोडी वाईट. चढताना तासाला अर्धा ते एक लिटर घाम सहज जातो.

गडावरची चूल

रात्रीचे एक जेवण गरम असावे, असे सर्वांनाच वाटते. थंडीत आणि दमल्यावर त्याला पर्याय नाही. बऱ्याच गडांच्या पायथ्याच्या गावांत, तर काही ठिकाणी गडावरही, स्थानिक कुटुंबे पिठले-भाकरी करून देतात. आमच्या मते हा सर्वांत चांगला मार्ग. अन्न ताजे मिळते, चार पैसे गावात राहतात आणि पाठीवरचे ओझे कमी होते. ते शक्य नसेल तर मूगडाळीची खिचडी करावी.

चाळीस जणांच्या खिचडीला सुमारे २० लिटर पाणी लागेल. ते २० अंशांपासून उकळीपर्यंत न्यायला साधारण १५०० किलोकॅलरी उष्णता लागते. पण पातेले उघडे ठेवून त्यातले फक्त दोन लिटर पाणी वाफ होऊन गेले तर त्यासाठी आणखी १०८० किलोकॅलरी जातात! पाण्याची बाष्पीभवनाची अप्रकट उष्णता लिटरला ५४० किलोकॅलरी आहे, हे आपण आठवी-नववीत शिकवतो, त्याचा अर्थ येथे कळतो. तीन दगडांच्या चुलीत लाकडातील ऊर्जेचा जेमतेम दहावा हिस्सा पातेल्यात जातो. म्हणजे या एका जेवणाला साडेसहा किलो वाळकी लाकडे. हरिश्चंद्रगडासारखी ठिकाणे अभयारण्यात येतात. तेथे लाकूडफाटा गोळा करणे वनखात्याला चालत नाही, आणि चालू नयेही. लहान गॅसच्या शेगडीवर, तीही परवानगी असेल तेथेच, हेच काम अर्ध्या किलो गॅसमध्ये होते.

उंचीचाही थोडा परिणाम होतो. दर ३०० मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू सुमारे एक अंशाने उतरतो. हरिश्चंद्रगडाच्या सुमारे १४०० मीटर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपास उकळते. तांदूळ आणि मूगडाळ यांना ते पुरते, तूरडाळ मात्र उघड्या पातेल्यात फार वेळ घेते. म्हणून मूग. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवावेत, झाकण ठेवावे, आणि चांगली उकळी येऊन दहा मिनिटे झाली की पातेले उतरवून घोंगडीत गुंडाळून ठेवावे. उरलेले शिजणे साठलेल्या उष्णतेवर होते. जाळ मोठा केल्याने उकळत्या पाण्याचे तापमान वाढत नाही, फक्त वाफ वाढते.

एका विद्यार्थ्याची शिदोरी

शनिवारी सकाळी घरी न्याहारी करून निघायचे आणि रविवारी दुपारी उतरायचे, असे धरून केलेली ही यादी:

पोळ्या किंवा दशम्या, चार – १६० ग्रॅम
शेंगदाण्याची कोरडी चटणी – ५० ग्रॅम
खिचडीसाठी तांदूळ १०० व मूगडाळ ४० ग्रॅम
तूप – २० ग्रॅम
पोहे – ८० ग्रॅम
सातूचे किंवा भाजलेले पीठ – १०० ग्रॅम
शेंगदाणे, गूळ, खजूर – प्रत्येकी ५० ग्रॅम

एकूण वजन ७०० ग्रॅम, ऊर्जा सुमारे २७०० किलोकॅलरी. वर एक काकडी आणि एक लिंबू. सगळे मिळून एक किलोच्या आत. हीच ऊर्जा भात, बटाटे आणि केळी यांतून न्यायची तर अडीच किलो वजन झाले असते.

शेंगदाणे, गूळ आणि खजूर डब्यात न ठेवता खिशात ठेवावेत. चढताना स्नायू मुख्यतः ग्लायकोजेन वापरतात आणि त्याचा साठा मर्यादित असतो. अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे खाल्ले तर मूल एकाएकी गळून बसत नाही. तेलकट पदार्थ मात्र चढाआधी नकोत. ते पोटात बराच वेळ राहतात. तूप रात्रीच्या खिचडीवर घ्यावे. आणि शेंगदाण्याची ॲलर्जी असलेला कोणी विद्यार्थी नाही ना, हे पालकांना आधी विचारावे.

लिंबू, मीठ आणि साखर यांचा उपयोग सरबतापुरता नाही. कोणाला उलट्या-जुलाब झालेच तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, हे प्रमाण शिक्षकांना पाठ असावे. येथे चमचा म्हणजे चहाचा चमचा. मीठ अधिक पडू देऊ नये.

वर्गात करून पाहा

सहलीच्या पंधरा दिवस आधी पुढील प्रयोग करता येतील.

१. बटाट्याच्या पातळ चकत्या १०० ग्रॅम मोजून घ्या. कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा आणि रोज वजन करून आलेख काढा. वजन घटायचे कधी थांबले? किती ग्रॅम उरले?

२. एका वाटीत मूठभर पोहे, दुसरीत मूठभर तांदूळ घ्या. दोन्हींत थंड पाणी घाला. दहा मिनिटांनी दाबून पाहा. फरकाचे कारण गटात चर्चा करून लिहा.

३. एकाच तव्यावरच्या दोन पोळ्या घ्या. एक गरम असतानाच पारदर्शक डब्यात बंद करा. दुसरी पूर्ण गार करून कापडात गुंडाळून तशाच डब्यात ठेवा. चार-पाच दिवस बाहेरूनच निरीक्षण करा. डबे वर्गात उघडू नका. शेवटी न उघडता टाकून द्या, म्हणून डबे टाकाऊच घ्या.

४. प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या घरच्या पाच टिकाऊ पदार्थांची यादी करावी आणि तो पदार्थ कशामुळे टिकतो ते लिहावे: वाळवल्याने, साखरेने, मिठाने, आंबटपणाने, की तेलाच्या थराने? आजी-आजोबांना विचारायला सांगावे. यादी लांबत जाते.

हे प्रयोग झाले, की शिदोरीची यादी शिक्षकांनी न देता विद्यार्थ्यांनाच करू द्यावी. अट इतकीच घालावी: एक किलोच्या आत, दोन दिवस टिकणारी, आणि प्रत्येक पदार्थापुढे तो का निवडला याचे एका ओळीत कारण. ज्या पदार्थापुढे कारण लिहिता येणार नाही, तो पिशवीत जाणार नाही.